नळ पोचले, उद्भव कुणी राखायचा?

मराठवाड्यातल्या कुठल्याही पंचायत समितीत गेलात तर पाण्याच्या नियोजनाची एक फाईल हमखास सापडते. टंचाई कृती आराखडा. त्याचे तीन टप्पे: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. रकानेही वर्षानुवर्षं तेच. नव्या विंधन विहिरी, नळ योजनेची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक योजना, विहिरीतला गाळ काढणं, नदीपात्रात बुडक्या (पाण्यासाठीचे खड्डे) घेणं, खासगी विहिरींचं अधिग्रहण, आणि सरतेशेवटी टँकर. मागच्या सालच्या कागदातली गावांची नावं आणि आकडे बदलले की या सालचा आराखडा तयार. पहिला टप्पा बहुतेक कोरा जातो, दुसऱ्यात थोडी हालचाल होते, आणि सगळी धावाधाव तिसऱ्यात.

हा कागद तयार करणाऱ्या कारकुनाला मी दोष देणार नाही. त्याला वरून विचारलेलंच एवढं असतं की टंचाई पडल्यावर काय कराल? टंचाई पडू नये म्हणून नोव्हेंबरात कुणाकुणाची मोटार बंद ठेवणार, हा रकाना त्या नमुन्यात नाही. दूरच्या नियोजनाचं म्हणाल, तर तेही असतं. ते जीवन प्राधिकरणाकडे किंवा जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे नळयोजनेच्या अंदाजपत्रकात असतं. तीस वर्षांनंतरची लोकसंख्या, दरडोई ५५ लिटर, टाकीची क्षमता, पाइपचा व्यास. या दोन कागदांच्या मधे नदी, भूजल, धरण आणि ऊस येतात. त्यांचा एकत्र हिशेब कुणाच्याच टेबलावर नाही.

मला इथे एवढंच मांडायचं आहे की मराठवाड्याच्या उद्याच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न मुळात किती पाणी लागेल हा नाहीच. लागणारं पाणी फार थोडं आहे. ते थोडं पाणी खोऱ्यात कुठे, कुणाच्या नावावर आणि किती महिने राखून ठेवायचं, आणि त्यासाठी कुणाला वेळेत थांबवायचं, हे ठरवणं म्हणजे नियोजन. ते सोडून आपण बाकी सगळं करतो.

आकडे एकदा मांडून बघू. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याची लोकसंख्या साधारण १ कोटी ८७ लाख होती. जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला सव्वातेरा टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी लागतं. शहरं जास्त वापरतात, खेड्यातही आता घरोघर संडास झाले, कपडे धुण्याची यंत्रं आली. म्हणून सरसकट १०० लिटर धरा. तरी आकडा २४ टीएमसीच्या पुढे फारसा जात नाही. जायकवाडीचा नुसता मृतसाठा २६ टीएमसी आहे आणि उपयुक्त साठा ७६ टीएमसीच्या वर. म्हणजे सगळ्या मराठवाड्याच्या वर्षभराच्या तहानेला एका धरणाचा तळ पुरतो, निदान कागदावर. उन्हाळ्यात त्याच धरणाच्या नाथसागर जलाशयातून रोज जेवढं पाणी वाफ होऊन जातं, ते शहरांना आणि उद्योगांना मिळून दिल्या जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असतं.

मग २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी का आणावं लागलं? १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली गाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभरातून कॅमेरे आले, घोषणा झाल्या. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली आणि पावसाळा लागेपर्यंत फेऱ्या चालल्या. त्या गाडीची टिंगल करण्यात अर्थ नाही, त्या महिन्यात तिच्यावर चुली पेटल्या. पण एक एकर ऊस पाटपाण्यावर वाढवायला सुमारे ८० लाख लिटर पाणी लागतं. त्या पहिल्या गाडीच्या सोळा फेऱ्या म्हणजे एक एकर. त्यातला पावसाचा वाटा वजा केला तरी अडीचशे-तीनशे माणसांचं ५५ लिटरच्या हिशेबाने वर्षभराचं पाणी एका एकरात जातं. आणि मांजरा काठाला एकर हजारांनी मोजावे लागतात.

मांजरा खोऱ्याचंच उदाहरण पुढे धरतो, कारण सगळी गुंतागुंत तिथे एका नदीत बघायला मिळते. नदी बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, बीड आणि धाराशिवच्या शिवेवरून खाली येते, लातूर जिल्हा ओलांडून कर्नाटक आणि तेलंगणात जाते आणि गोदावरीला मिळते. खाली सिंगूर आणि निजामसागर तिच्याकडे डोळे लावून बसलेले असतात. गोदावरी तंटा लवादाने १९८० साली राज्याराज्यांचे वाटे ठरवून दिले, त्यामुळे वर किती अडवायचं यालाही मर्यादा आहे. आपल्या हद्दीत केज तालुक्यात धनेगावला मांजरा हे मोठं धरण आहे. त्याचा एकूण साठा २२४ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला उपयुक्त १७७. लातूर शहर, अंबाजोगाई, केज, कळंब, धारूर आणि औद्योगिक वसाहती सगळ्या याच धरणाला चिकटलेल्या. धरण बीड जिल्ह्यात, त्याचं मागचं पाणी धाराशिवच्या कळंब तालुक्यात, आणि सगळ्यांत मोठा गिऱ्हाईक लातूर. धरणाच्या खाली साई, नागझरीपासून बंधाऱ्यांची साखळी आहे. ती भरली की दोन्ही काठांवर मोटारींची रांग लागते.

हे धरण २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडंठाक होतं. त्याच वर्षी परतीच्या पावसाने ते भरलं. २०२१ च्या सप्टेंबरात त्याचे दरवाजे उघडावे लागले आणि खालच्या शेतांची माती वाहून गेली. २०२३ ला पावसाने पुन्हा पाठ फिरवली. २०२५ च्या सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर, नांदेडमध्ये पुराने काय केलं ते ताजं आहे. अशा नदीवर सरासरीचं नियोजन चालत नाही. आपले सिंचन प्रकल्प साधारणपणे ७५ टक्के विश्वासार्हतेवर आखले जातात. साध्या भाषेत, चारपैकी तीन वर्षं धरणात हिशेबाएवढं पाणी येईल आणि एक वर्ष येणार नाही, हे गृहीत धरून. उसाला एक वर्ष पाणी मिळालं नाही तर नुकसान होतं, ते भरून काढता येतं. माणसाला चौथ्या वर्षी पाणी नाही असं सांगता येत नाही. म्हणून पिण्याच्या पाण्याचा हिशेब वाईटात वाईट सलग दोन वर्षांवर करायला हवा. एक अख्खा पावसाळा कोरडा गेला असं धरून. २०१४ आणि २०१५ हे दोन पावसाळे लागोपाठ फसले तेव्हाच २०१६ चा उन्हाळा तसा आला.

आता जलजीवन मिशनकडे येतो. २०१९ साली घोषणा झाली, २०२४ पर्यंत घरोघर नळ द्यायचा होता, मग मुदत २०२८ पर्यंत वाढली. काम झालं नाही असं म्हणणं खोटेपणा ठरेल. पाइप गेले, टाक्या उभ्या राहिल्या. केज, कळंब, औसा, कुठल्याही तालुक्यातलं एक गाव डोळ्यांसमोर आणा. टेकाडावर नवी पांढरी टाकी, तिच्यावर योजनेचं नाव, रक्कम आणि मंजुरीचं साल रंगवलेलं. दारात सिमेंटच्या छोट्या ओट्यावर तोटी. खाली ओढ्यालगत, पाझर तलावाच्या अंगाला, योजनेची विहीर, म्हणजे तिचा उद्भव. दिवाळीला त्या विहिरीवरची मोटार चार तास चालते. संक्रांतीनंतर ती दोन तासांवर येते, होळीला अर्ध्या तासात हवा ओढायला लागते. मग ग्रामपंचायत आडवे बोअर मारते. तोवर विहिरीच्या चारी बाजूंनी दोनशे पावलांच्या आत सात-आठ बोअर दिवसरात्र चालू असतात, कारण आठ तासांच्या विजेत शेत भिजवायचं तर थांबून चालत नाही. एप्रिलमध्ये त्याच शेतकऱ्यांपैकी एकाची विहीर अधिग्रहित होते, आणि सरकार त्याला महिन्याचे पैसे देऊन तेच पाणी विकत घेतं जे पाच महिन्यांपूर्वी गावाच्या विहिरीत होतं. मे महिन्यात अधिग्रहित विहीरही आटते आणि टँकर येतो. माणशी २० लिटर. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अंदाजपत्रक करणाऱ्यांना तेवढं ठाऊक नसावं.

बरं, उद्भवाची क्षमता तपासली जात नाही असंही नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा दाखला लागतो. पण तो दाखला कुठल्या सालचा आहे ते बघा. यातल्या बहुतेक योजना २०२१-२२ च्या आगेमागे मंजूर झाल्या, आणि २०२० ते २०२२ ही मराठवाड्यात ओली वर्षं होती. ओल्या वर्षात तपासलेली विहीर तीस वर्षं पुरेल असं धरणं म्हणजे दिवाळीत घरी आलेल्या पाहुण्यांवरून वर्षाचा किराणा भरण्यासारखं आहे, फक्त उलट्या बाजूने. २०२४ च्या उन्हाळ्यात नळ असलेल्या गावांतही टँकर फिरले ते यामुळे.

आपला खडकही याला साथ देणारा नाही. खाली बेसॉल्ट. वरच्या दहा-वीस मीटरांत मुरूम आणि कुजका खडक, त्यात जे मुरतं तेच आपलं खरं भूजल. त्याच्या खाली कातळ, मधे कुठेतरी भेगा. सातशे-आठशे फुटांच्या बोअरला पाणी लागतं ते बहुतेक त्या भेगांतून उतरलेलं, आणि पुष्कळदा शेजारच्या आडाचं. कायदे आहेत. सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, हे १९९३ च्या कायद्यापासून लिहिलेलं आहे. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू झाला. अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला त्याने बंदी घातली. बोअरच्या गाड्या मात्र रात्री येतात, सकाळी जातात. तलाठी, ग्रामसेवक आणि सरपंच तिघांनाही त्याच गावात राहायचं असतं. तेव्हा गुन्हा दाखल करण्याच्या भरवशावर उद्भव राखला जाईल, हा विचार मी तरी सोडून दिला आहे.

माझ्या मते यावर साधा उपाय आहे. तो नवाही नाही, फक्त त्याची तारीख बदलायची आहे. अधिग्रहण एप्रिलऐवजी नोव्हेंबरात करा. उद्भवाच्या ५०० मीटरमधल्या विहिरी आणि बोअर रब्बी पेरणीच्या आधी कराराने घ्या. पाणी उपसण्यासाठी घेऊ नका, न उपसण्यासाठी घ्या. त्या शेतकऱ्याला हरभरा-ज्वारीला लागणाऱ्या दोन पाळ्यांची मुभा ठेवा, उसाला आणि उन्हाळी भुईमुगाला नको, आणि त्याबद्दल ठरलेला मोबदला ग्रामसभेसमोर द्या. टँकरच्या खेपांवर दर साल जाणारा पैसा पाहता हा खर्च जड जायचं कारण नाही. मुख्य म्हणजे यात शेतकरी चोर ठरत नाही, गावाला पाणी देणारा ठरतो. अटल भूजल योजनेत निवडक गावांनी पाण्याचे ताळेबंद मांडले, काही ठिकाणी ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवले. ताळेबंदात तूट दिसते. ती तूट कुणी सोसायची आणि त्याला काय मिळणार, हे मात्र भिंतीवर लिहिलेलं नसतं. म्हणून तो रंग उडेपर्यंत तसाच राहतो.

मागणीच्या बाजूलाही गोंधळ आहे. पाया २०११ च्या जनगणनेचा. २०२१ ची झालीच नाही, आता २०२७ ची वाट बघायची. २०१९ च्या दुष्काळात सरकारनेच कबूल केलं की जुन्या आकड्यांवर टँकर पुरत नाहीत, आणि २०१८ ची लोकसंख्या अन् जनावरं धरून पाणी द्यायला सांगितलं. तो शहाणपणा टँकरपुरताच राहिला. माणशी ५५ लिटरमध्ये गोठा नाही. दोन म्हशी आणि चार शेळ्यांच्या घरात नळाचं पाणी आधी गोठ्यात जातं, हे योजना आखणाऱ्याने गृहीत धरायला हवं.

आणि त्याहून मोठी गोष्ट ऋतूची. पाटोदा, केज, धारूर, वडवणी या भागांतून लाखांनी माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात, बैलांसकट. गावात उरतात म्हातारीकोतारी आणि शाळेतली पोरं. पाणी असतं तेव्हा गाव अर्धं रिकामं. मार्च-एप्रिलात टोळ्या परत येतात, लग्नसराई सुरू होते, पुण्या-मुंबईचे लोक यात्रेला येतात, आणि विहिरीने नेमका तेव्हाच तळ गाठलेला असतो. वर्षाची सरासरी काढली की हा चढउतार दिसेनासा होतो. मांजरा जिथे उगम पावते त्या तालुक्यातला माणूस सहा महिने दुसरीकडचा ऊस तोडतो आणि उरलेल्या उन्हाळ्यात दारातल्या तोटीकडे बघत बसतो. याला नियोजन म्हणायचं तर म्हणा.

आता धरणाकडे. इथे माझं म्हणणं काहींना रुचणार नाही, पण आकडेच बोलू देत. मांजरा धरणावर अवलंबून असलेली शहरं आणि गावं मिळून दहा लाख माणसं धरू. लातूर शहरच २०११ ला ३ लाख ८० हजारांच्या वर होतं, त्यावर शिकवणी वर्गांसाठी बाहेरून येणारी पोरं वेगळी. माणशी १०० लिटर, म्हणजे वर्षाला साडेछत्तीस दलघमी. दोन वर्षांचे ७३. पसरट तलाव आणि मराठवाड्याचं ऊन बघता बाष्पीभवनासाठी तेवढीच भर घातली तर आकडा १४६ वर जातो. म्हणजे १७७ दलघमीचा उपयुक्त साठा काठोकाठ भरलेला असतानाही शेतीला उरतात जेमतेम ३०. मृतसाठ्यातले ४७ दलघमी अडीनडीला उचलता येतात, म्हणून ओढाताण थोडी सैल करता येईल, पण थोडीच.

धरण बांधलं शेतीसाठी, जमिनी गेल्या शेतकऱ्यांच्या, आणि आता पाणी पिणार शहर, असं लाभक्षेत्रातला शेतकरी म्हणेल. तो खोटं बोलत नाही. म्हणूनच हा निर्णय मागच्या दाराने होता कामा नये. आज होतं ते असं की पावसाळा संपला की पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कालवा सल्लागार समिती बसते, जिल्हाधिकाऱ्यांची आरक्षण समिती बसते, पुढच्या जुलैपर्यंतचं पिण्याचं पाणी बाजूला काढलं जातं आणि उरलेल्याची आवर्तनं (कालव्याच्या पाळ्या) ठरतात. पुढचा पावसाळा आला नाही तर काय, याचं उत्तर त्या कागदावर नसतं. ते उत्तर मग मार्चमध्ये पोलीस बंदोबस्तात दिलं जातं. बंधाऱ्यावरच्या मोटारींचे स्टार्टर उचलून न्यायचे, डीपी बंद करायचे, नदीपात्रात गस्त घालायची. तोवर ऊस कमरेएवढा झालेला असतो. कमरेएवढा ऊस जाळायला सांगणारा अधिकारी आणि रात्री तार जोडणारा शेतकरी, दोघांचीही कीव येते. त्याच माणसाला ऑक्टोबरात, लागवडीच्या आधी, सांगितलं असतं की यंदा पाणी मिळणार नाही, तर त्याने रान हरभऱ्याला दिलं असतं.

दिलं असतं का खरंच? हा प्रश्न मी टाळणार नाही. उसाला एफआरपी, म्हणजे कायद्याने बांधलेला दर आहे, दारात येऊन तोडून नेणारा कारखाना आहे. सोयाबीनला २०२४-२५ चा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि हंगामात आडत्याने त्याच्या खालीच भाव काढला. गारपीट, अतिवृष्टी, वानर, डुक्कर, सगळ्यांतून उभं राहणारं पीक म्हणजे ऊस. औरंगाबादच्या विभागीय आयुक्तांनी २०१९ साली मराठवाड्यात ऊस नको असा अहवाल सरकारला दिला होता. तो अहवाल बासनात गेला. नुसता पाण्याचा मुद्दा मांडणाऱ्या कुठल्याही अहवालाचं असंच होणार. बारमाही पिकाला ठिबकशिवाय कालव्याचं पाणी नको, हे २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात आहे, आणि ऊस ठिबकवरच हवा असा निर्णय २०१७ मध्ये सरकारने घेतला. कालवा मोकाट सुटतो तेव्हा हे दोन्ही कुणाला आठवत नाहीत. तूर, हरभरा, करडई यांची हमीभावाने खरेदी याच खोऱ्यात आणि वेळेवर होणार असेल, तरच पाण्याच्या आराखड्याला अर्थ आहे. जलसंपदा खात्याने आराखडा करायचा आणि पणन खात्याने त्याची वाट लावायची, असं दोघांच्या संगनमताशिवायही गेली कित्येक वर्षं चाललं आहे.

बाहेरून पाणी आणा, ही सगळ्यांत लोकप्रिय मागणी. कोकणातून समुद्रात जाणारं पाणी गोदावरीत वळवा, कृष्णा खोऱ्यातलं सात टीएमसी धाराशिव-बीडला द्या, उजनीचं लातूरला आणा. मराठवाड्याचा हक्क म्हणून ही मागणी रास्तच आहे. नगर-नाशिकची धरणं भरलेली आणि जायकवाडी १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांच्या खाली, तर वरून पाणी सोडलं पाहिजे, हे मेंढेगिरी समितीच्या पाणीवाटपाच्या सूत्रावरून जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली ठरवून दिलं, उच्च न्यायालयाने २०१६ ला ते मान्य केलं, तरी दर टंचाईच्या साली त्यावर वाद होतोच. तो भांडून घ्यायलाच हवा. पण आणलेलं पाणी कुणाच्या नावावर टाकणार, हे आधी ठरलं नाही तर ते नदीत पडल्या पडल्या काठच्या मोटारींचं होतं. आलेल्या पाण्याने लागवड वाढते, लागवडीने मागणी वाढते, आणि पुढचा दुष्काळ आधीच्यापेक्षा खोल जातो.

वॉटर ग्रिडचंही तसंच. अकरा धरणं मोठ्या पाइपने जोडायची ही कल्पना मला वाईट वाटत नाही. जायकवाडीचा मृतसाठा एवढा मोठा आहे की संकटाच्या साली तो उचलून लातूरपर्यंत नेता आला तर रेल्वेची वेळ येणार नाही. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा, माजलगाव, निम्न तेरणा, सीना कोळेगाव यांच्यात उपयुक्त पाणी शून्यावर होतं, आणि जायकवाडी मृतसाठ्यात. ही सगळी त्या अकरांतलीच धरणं. एकाच आभाळाखालची धरणं एकदमच आटतात. ग्रिड चालेल ती प्रत्येक धरणात काही पाणी राखून ठेवलं तर, आणि ते राखायची सवय नसेल तर हजार किलोमीटर पाइपमधून वाऱ्याशिवाय काही येणार नाही. शिवाय वीजबिल. वीस-पंचवीस गावांच्या प्रादेशिक योजना पाण्याअभावी कमी आणि थकलेल्या बिलापायी जास्त बंद पडल्या आहेत. शेवटच्या गावाला पाणी पोचत नाही, म्हणून ते पाणीपट्टी भरत नाही, म्हणून बिल थकतं, म्हणून पहिल्या गावाचंही तुटतं.

हे सगळं एकत्र बघणार कोण? माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने १९९९ सालीच राज्याची २५ उपखोरी करून नियोजन उपखोऱ्याच्या पातळीवर करायला सांगितलं होतं. मांजरा हे त्यातलं एक. पुढे २००५ चा कायदा आला, नदीखोरे अभिकरणांची भाषा आली, आणि आधीच अस्तित्वात असलेल्या पाटबंधारे महामंडळांच्या पाट्यांना ती चिकटवली गेली. आपल्याकडचं गोदावरी मराठवाडा महामंडळ धरणं आणि कालवे बघतं. भूजल दुसऱ्या यंत्रणेकडे, गावाची नळयोजना जिल्हा परिषदेकडे, शहराची महापालिकेकडे, ओढ्यावरचे छोटे बंधारे मृद व जलसंधारणकडे, मोटारीची वीज महावितरणकडे. आणि तीन जिल्हाधिकारी, प्रत्येकाची आपापली आरक्षण समिती. पाणी मात्र एकच, वरून खाली जाणारं.

नवं प्राधिकरण काढा असं मी म्हणणार नाही. खुर्च्या वाढतील, गाड्या येतील. आहेत त्याच अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा, १५ ऑक्टोबरच्या साठ्याचा आकडा हातात घेऊन, धनेगावच्या धरणावर एकत्र बसावं. बीड, धाराशिव, लातूर तिघांनी. भूजलवाल्यांनी सप्टेंबरअखेरच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या आणाव्यात, महावितरणने बंधारानिहाय कृषिपंपांची यादी आणावी, कृषी खात्याने उसाची उभी लागवड सांगावी, कारखान्यांचे शेतकी अधिकारीही बोलवावेत, कारण पुढच्या सालच्या लागवडीची नोंद त्यांच्याच वहीत आधी होते. त्या दिवशी दोन उन्हाळ्यांचं पिण्याचं पाणी बाजूला निघावं, जनावरांसकट आणि परतणाऱ्या टोळ्यांसकट, आणि उरलेल्यातून शेतीला काय मिळेल ते नि:संदिग्ध शब्दांत जाहीर व्हावं. ही बैठक पहिल्यांदा धरण भरलेल्या वर्षीच व्हायला हवी, कारण देण्यासारखं काही हातात असतं तेव्हाच वाटाघाट होते. २०२५ सारख्या पुराच्या सालानंतर तर सबबच उरत नाही.

पहिल्या वर्षी भांडणं होतील. लातूरचे नगरसेवक आणि कळंबचे शेतकरी एका खोलीत बसल्यावर दुसरं काय होणार? होऊ द्यावीत. फक्त त्या बैठकीचं इतिवृत्त मंत्रालयाच्या फाईलमध्ये न जाता दिवाळीच्या आत तिन्ही जिल्ह्यांतल्या नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं. कोणत्या बंधाऱ्यावरचे किती पंप कोणत्या तारखेला बंद होणार, कोणत्या गावच्या उद्भवाभोवतीच्या कुणाच्या विहिरी कराराने घेतल्या आणि त्याचा मोबदला कोणत्या महिन्यात जमा होणार, हे त्यात लिहिलेलं असावं, आणि खाली तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या सह्या.